जुना संगणक आणि चित्रफितींचे संकेतन

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्यातील अनेक शिक्षकांनी मोबाइल फोनसमोर उभे राहून पाठ चित्रित केले. ग्रामसभेचे कामकाज किंवा चालू बांधकामाची पाहणी यांचे चित्रण करणे ही आज गावपातळीवरही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अडचण येते ती त्यानंतर. चित्रफीत इतकी मोठी असते की ती पाठविता येत नाही, पेनड्राइव्हवर मावत नाही; आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून एखाद्या दिवशी ती पुसून टाकली जाते. ठराव कोणत्या शब्दांत मांडला गेला, हरकत कोणी घेतली, याचा पुरावाच त्याबरोबर नाहीसा होतो. कार्यालयात संगणक असतो. परंतु तो जुना असल्याने चित्रफीत लहान करण्याचे काम त्याला झेपणार नाही, असा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

चित्रफीत मोठी का असते?

चित्रफीत म्हणजे एकामागून एक झरझर दाखविलेली स्थिरचित्रे होत. १९२० बाय १०८० आकाराच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. सेकंदाला अशी २५ चित्रे जशीच्या तशी साठविली, तर रंगांच्या तपशिलात नेहमीची काटकसर करूनही एका सेकंदास सुमारे ७८ मेगाबाइट आणि एका तासास सुमारे २८० गिगाबाइट जागा लागेल. म्हणूनच ही माहिती आटोपशीर रूपात मांडावी लागते. या क्रियेस संकेतन म्हणतात.

फळ्यासमोर शिकविणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. शिक्षकाचा हात हलतो. फळा व भिंत हलत नाहीत. तेव्हा प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा साठविण्याचे कारण नाही. संकेतन करणारा कार्यक्रम चित्राचे लहान चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कोठे होता याचा शोध घेतो आणि केवळ फरक नोंदवितो. डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारीक तपशील तो गाळतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीत हे मूळ चौकोन १६ बाय १६ बिंदूंचे असतात. १२८० बाय ७२० आकाराच्या एका चित्रात असे ३,६०० चौकोन होतात. संगणकाचा वेळ जातो तो मुख्यतः या शोधात.

वेळ, आकार आणि स्पष्टता

जुना संगणक हा शोध सावकाश घेतो, परंतु चुकीचा घेत नाही. तोच कार्यक्रम आणि तीच मांडणी ठेवली, तर नव्या व जुन्या यंत्रावर तयार होणाऱ्या चित्रफितीची प्रत सारखीच असते. फरक पडतो तो वेळेचा. एक तासाच्या चित्रफितीत ९०,००० चित्रे असतात. संगणक सेकंदाला ५ चित्रे हातावेगळी करीत असेल, तर त्यास ५ तास लागतील. सायंकाळी काम लावून दिल्यास ते रात्रीतून पुरे होते.

वेळ कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे चित्राचा आकार घटविणे. ६४० बाय ३६० आकारात बिंदूंची संख्या मूळच्या एक-नवमांश होते. भाषण किंवा चर्चा यांस एवढा आकार बहुधा पुरतो. फळ्यावरील बारीक अक्षरांसाठी मात्र १२८० बाय ७२० ठेवणे श्रेयस्कर. दुसरा उपाय वेगाच्या निवडीचा. हँडब्रेक व एफएफएमपेग या विनामूल्य कार्यक्रमांत जलद ते अतिमंद अशा पायऱ्या असतात. जलद पायरी निवडल्यास शोध कमी घेतला जातो व तेवढ्याच स्पष्टतेसाठी फाइल मोठी होते. २०१३ मधील एच.२६५ ही पद्धत जागा अधिक वाचविते. परंतु तिला श्रम फार लागतात. जुन्या यंत्रासाठी एच.२६४ हीच सोयीची. ती जवळजवळ सर्व फोनवर चालते.

अंतिम आकाराचा अंदाज आधी करता येतो. चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला ५०० किलोबिट हा दर ठेवल्यास एका तासाची फाइल सुमारे २२५ मेगाबाइटची होते. मूळ चित्रण सेकंदाला १६ मेगाबिट दराने झाले असेल, तर तेच ७ गिगाबाइटहून अधिक भरते.

घ्यावयाची दक्षता

काम लावण्यापूर्वी अनावश्यक भाग कापून टाकावा. पुन्हा संकेतन न करता नुसते कापता येते व त्यास फारच थोडा वेळ लागतो. मात्र काप काही सेकंद मागेपुढे पडू शकतो. त्यानंतर एका मिनिटाचा नमुना तयार करून सर्वांत लहान अक्षरे वाचता येतात काय आणि मागे बसलेल्यांचा आवाज ऐकू येतो काय, हे तपासावे. संगणकाच्या पंख्यावरील धूळ काढून घ्यावी. यंत्र तापले की ते आपला वेग आपणच कमी करते. वीज जाण्याचा संभव असेल, तर चित्रफितीचे दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत. एमपी४ प्रकारच्या फाइलची अनुक्रमणिका सामान्यतः अखेरीस लिहिली जाते. त्यामुळे अर्धवट राहिलेली फाइल सहसा उघडतच नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मूळ चित्रफितीची. संकेतनात गाळलेला तपशील पुन्हा मिळविता येत नाही, आणि लहान केलेली फीत पुनःपुन्हा लहान केल्यास अक्षरे व चेहरे पुसट होत जातात. म्हणून लहान प्रत पाठविण्यासाठी वापरावी आणि मूळ प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, दिनांक व विषय लिहून जतन करावी. नवी प्रत अथपासून इतिपर्यंत पाहिल्याखेरीज फोनमधील चित्रण पुसू नये.

कोपऱ्यात पडलेल्या संगणकास काही तासांचा अवधी दिला, तर गावाचा दप्तरी पुरावा आणि शिक्षकाचा पाठ या दोहोंचे जतन तो करू शकतो.