एका वाफ्यातील तीन बहर

नेदरलँड्समधील लिसे येथील क्युकेनहॉफ हे उद्यान वसंत ऋतूत जेमतेम आठ आठवडे खुले असते. परंतु तेथील रंगसंगतीचे खरे काम आधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, दिवस लहान होत असताना आणि माती गार पडू लागलेली असताना उरकलेले असते. १९८१ च्या ‘सिलसिला’ या चित्रपटातील ट्यूलिपचे ताटवे याच उद्यानातील होत. सुमारे ३२ हेक्टरांच्या या परिसरात दर वर्षी ७० लाखांच्या आसपास कंद हातांनी लावले जातात आणि लावणाऱ्याच्या टोपलीत त्या वेळी दिसतो तो एकच रंग, तपकिरी.

वनस्पतिशास्त्रात कंद म्हणजे अन्न साठवणाऱ्या मांसल शल्कांनी, म्हणजेच पापुद्र्यांनी, वेढलेला आखूड खोडाचा भाग असून कांदा हे त्याचे घरोघरी आढळणारे उदाहरण आहे. लागवडीच्या सुमारास ट्यूलिपचा कंद उभा चिरून भिंगाखाली धरला, तर मध्यभागी पाकळ्या, पुंकेसर आणि किंजपुट यांची इवलीशी पण पूर्ण मांडणी दिसते. फूल घडून गेलेले असते, वाट असते ती थंडीची; कारण सुमारे तीन-चार महिने गारव्यात गेल्याखेरीज दांडा नीट लांबत नाही आणि कळी पानांतच अडकून राहते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात निशिगंध जसा सहज फुलतो तसा ट्यूलिप फुलत नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

एकाच वाफ्यातून लागोपाठ बहर घेण्यासाठी कंद थरांनी लावतात. लाझान्या या थरांच्या इटालियन पदार्थावरून या पद्धतीलाही तेच नाव पडले आहे. कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोली हा सर्वसाधारण नियम असल्याने उशिरा फुलणारे ट्यूलिप सुमारे २० सेंटीमीटरवर तळाशी बसतात, त्यांच्यावर माती लोटून डॅफोडिल किंवा हायसिंथ येतात आणि सर्वांत वर, बोटभर खोलीवर, क्रोकस. (क्रोकसचा गड्डा काटेकोरपणे पाहता कंद नव्हे, तर दृढकंद, म्हणजे पापुद्रे नसलेले भरीव खोड, लावणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.) शेंडा वर आणि मुळांची चकती खाली ठेवून कंद मातीत हलकेच दाबतात, पिळत नाहीत, कारण चकती दुखावली की मुळे फुटण्यास अडथळा येतो. खालच्या कोंबाला वरचा कंद आडवा आला, तरी तो त्याला वळसा घालून वर येतो. हायसिंथ हाताळताना हातमोजे लागतात; त्याच्या सालीतील सूक्ष्म स्फटिकांनी कातडीला खाज सुटते.

रंगांची निवड ही वरवर चित्रकाराची वाटली, तरी ती आधी पंचांगाची बाब आहे. ‘क्वीन ऑफ नाइट’ या जवळजवळ काळ्या भासणाऱ्या ट्यूलिपशेजारी पांढरा ट्यूलिप खुलतो, हे सूचिपत्र पाहणाऱ्या कोणालाही सुचते. पण तो पांढरा ‘प्युरिसिमा’ असेल, तर काळ्या कळ्या उमलेपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून गेलेल्या असतात आणि ही जोडी कागदावरच राहते. उशिराचाच ‘मॉरीन’ निवडला, तर दोघे एकत्र उभे राहतात. उलट ‘टेट-अ-टेट’ या ठेंगण्या पिवळ्या डॅफोडिलखाली मस्कारी या निळ्या फुलांचा गालिचा सहसा साधतो, कारण दोघांचा काळ बराचसा एक असतो. सगळे रंग मुठीने मिसळून विखुरण्याची हौस अनेकांना असते. दुरून पाहता तिच्यातून बहुधा गढूळपणाच निष्पन्न होतो, आणि एकाच जातीचे दहा-पंधरा कंद एकत्र लावणे अधिक फलदायी ठरते.

क्युकेनहॉफमध्ये हंगामानंतर कंद उपटून पुढील वर्षी नवे लावले जातात, त्यामुळे आखणी दर वर्षी कोरीच असते. घरच्या बागेत मात्र ती हळूहळू बदलत जाते. ट्यूलिपचा मूळ कंद फुलण्यातच खर्ची पडतो व त्याच्या जागी लहान-मोठे पिल्लकंद तयार होतात. त्यांतील मोठे पुढल्या वर्षी फुलतात, लहानग्यांना केवळ एक रुंद पान येते. डॅफोडिलचा कंद टिकून वाढत जातो आणि त्यातील विषारी द्रव्यांमुळे उंदीरही त्याच्या वाटेस जात नाहीत, म्हणून तीन-चार वर्षांनी काळ्या-पांढऱ्याच्या जागी बहुतांशी पिवळाच उरतो.