खानेसुमारींतील लंडन

कारखान्यांचें शहर म्हटलें कीं मँचेस्टर आठवतें; लंडन म्हटलें कीं राजवाडा, पार्लमेंट आणि पेढ्या. परंतु ३० मार्च १८५१ रोजीं झालेल्या खानेसुमारीचे तक्ते निराळीच हकीकत सांगतात. सुमारें २३ लाख ६० हजार वस्तीच्या या राजधानींत शिंपी, चांभार, सुतार, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा भरणा एवढा होता कीं, माल तयार करणाऱ्यांच्या संख्येनें लंडन हेंच इंग्लंडांतील सर्वांत मोठें उद्योगनगर ठरतें.

मग हा उद्योग डोळ्यांत कां भरत नसे? त्या वर्षीं मालकांना, तुमच्याकडे माणसें किती, असें विचारलें होतें. उत्तर देणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ८६ जणांपाशीं दहांहून कमी माणसें होतीं. कोळसा दुरून आणावयाचा, जागेचें भाडें अवाच्या सवा; तेथें मोठी गिरणी परवडणार कशी? कापड लँकेशायरांत विणलें जाई. तें गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवावयाचें काम मात्र गिऱ्हाईक राहील तेथेंच व्हावयाचें.

तक्ते वाचतांना एक भेद ध्यानांत ठेवावा. दारूच्या कारखान्यांत हिशेब लिहिणारा व्यवसायानें कारकून, उद्योगानें मद्यनिर्मितींतला. ब्रिटनमध्यें या दोहोंची स्वच्छ विभागणी १९२१ सालीं झाली, आणि काम कोठें करतां, हा प्रश्नही तेव्हांच प्रथम विचारला गेला. तोंवर माणूस रात्रीं निजेल तेथेंच मोजला जाई. म्हणूनच पेढ्यांची जुनी पेठ जी 'सिटी', तिची वस्ती सव्वा लाखावरून १९०१ पर्यंत २७ हजारांवर आलेली दिसते. व्यापार मात्र वाढतच होता.

सर्वांत मोठी गळती स्त्रियांची. १८५१ च्या पत्रकावर सूचना होती कीं, घरीं वा बाहेर 'नियमितपणें' काम करणाऱ्या स्त्रीचा धंदा स्पष्ट लिहावा. सारी मेख त्या एका शब्दांत आहे. श्रीमंतांच्या मेजवान्यांच्या हंगामांत रात्र रात्र जागून शिवण, एरव्हीं हात रिकामे; याला नियमित कोण म्हणणार? शिवाय पत्रक कुटुंबप्रमुख भरी, आणि बायकोच्या नांवापुढची जागा पुष्कळदां कोरी राही. तिच्या मजुरींतून घरभाडें भागत असलें तरीही!

१९०६ सालीं लंडनांतील एका प्रदर्शनांत अशा कामकरी स्त्रियांना लोकांसमोर बसवून त्यांचें काम व मजुरीचे दर दाखविले गेले. १९०९ च्या कायद्यानें किमान मजुरी ठरविण्यासाठीं प्रथम जे चार धंदे निवडले, त्यांत शिंपीकाम व कागदी पेट्या बनविणें हे दोन होते.