दुसरे लग्न, पण उजेडात!

आम्ही नोकरीने कारकून आणि सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्य. आजवर सभागृहात लग्ने लावली, चाळीच्या गच्चीवर लावली, भर पावसात ताडपत्रीखालीही लावली. पण वाळूत पाय रोवून मंगलसुत्त म्हणण्याची वेळ गेल्या हिवाळ्यात प्रथमच आली. दापोली तालुक्यातील मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर लागलेल्या त्या लग्नाची हकिकत वाचक बंधुभगिनींना सांगावीशी वाटते. कारण ते लग्न हौसेखातर समुद्रावर लागले नव्हते.

वधू विधवा. वय अडतीस, अंगणवाडीत मदतनीस, पदरी नऊ वर्षांचा मुलगा. वर मुंबईत खाजगी गाडीवर ड्रायव्हर. त्याची पत्नी दीर्घ आजारात गेली. मागे तेरा वर्षांची मुलगी आणि थकलेली आई. नात्यातल्याच एका ताईने दोन्ही घरांत शब्द टाकला आणि गोष्ट जमली. नावे येथे देत नाही. मुले शाळेत जातात, त्यांना उगाच कोणी विचारायला नको.

बोलणी करायला बसलो तेव्हा वाडीतील एक वडीलधारे म्हणाले, "दुसरं लग्न आहे. मंडप-बिंडप कशाला? रात्री घरातच चार माणसांत उरका. लोक हसतील."

सगळे गप्प झाले. आम्हीही क्षणभर गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे. बोलली ती वधूच. "मी कोणाची चोरी नाय केली. लावायचं तर दिवसा लावा, सगळ्यांच्या देखत लावा. नायतर लावूच नका."

घर दोन खोल्यांचे, अंगण हातभर. तेव्हा तिचा मुलगा कोपऱ्यातून म्हणाला, "मग समुद्रावर लावा ना. तिथं जागा लय हाय!" सगळे हसले, आणि जागा ठरली.

बंधुभगिनींनो, 'रात्री उरका' हा सल्ला त्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यातून आलेला नाही. तो फार जुना आहे. आपल्या पूर्वजांत विधवेचा पाट लावण्याची चाल होती. उच्चवर्णीयांनी विधवेचे केशवपन करून तिला कोपऱ्यात बसवले, त्या मानाने आपली चाल माणुसकीची, असे आपण अभिमानाने सांगतो. पण पाट लागायचा तो बहुधा रात्रीच्या अंधारात, वाजंत्रीशिवाय. जणू ती बाई अपशकुनी! विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि शकुन-अपशकुन टाकले. पण मनातला अंधार कायद्याने जात नाही.

खुद्द बाबासाहेबांनी माता रमाईंच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. साऱ्या देशाला कळेल असा केला. ज्या रमाईंचे माहेर वणंद याच दापोली तालुक्यात आहे, त्या तालुक्यात आपण एका भगिनीला रात्री लग्न लाव म्हणून सांगावे काय?

लग्नाच्या आठवडाभर आधी आणखी एक प्रसंग घडला. वराच्या आईने कपाटातून पहिल्या सुनेच्या चार बांगड्या आणि मोहनमाळ काढून नव्या सुनेपुढे ठेवली. म्हातारीच्या मनात वाईट काहीच नव्हते. "घरातलं सोनं घरातच राहील," एवढेच ती म्हणाली. मुलगी दारामागे उभी होती. आदल्या दिवशीच तिने बापाला सांगितले होते की मी लग्नाला येणार नाही.

वधूने दागिन्यांना हात लावला नाही. "आत्या, हे तिच्या आईचं हाय. तिचं तिला द्या."

आम्हाला बाबासाहेबांचे बालपण आठवले. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते अवघे पाच-सहा वर्षांचे होते. पुढे रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून बाल भीमाला किती दुःख झाले, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. एवढा थोर पुरुष, पण पोर म्हणून त्याचेही मन त्याच ठिकाणी दुखावले होते! मोठी माणसे नवा संसार मांडतात तेव्हा मुलांचे काय जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता तयारीचे सांगतो. आपण मुहूर्त पाहत नाही. पण समुद्रावर लग्न म्हटल्यावर भरती-ओहोटी पाहावीच लागली! काहींना पौर्णिमा हवी होती. शेजारच्या मच्छीमार भाऊंनी समजावले, "पुनवेला दुपारच्याला उधाणाचं पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येतं. तुमचं टेबल जाईल वाहून." म्हणून अष्टमीच्या आसपासचा रविवार धरला. त्या दिवशी अकराच्या सुमारास पाणी खूप मागे होते. ग्रामपंचायतीला अर्ज दिला, लाऊडस्पीकर घेतला नाही.

टेबलावर पांढरे कापड अंथरले, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, फुले, अगरबत्ती, मेणबत्त्या. पण वाऱ्याने मेणबत्ती काही टिकेना. एक पेटवावी तर दुसरी विझे. वधूचा मुलगा दोन्ही हातांचा आडोसा करून उभा राहिला. मुलगी अखेर आली होती, पण लांब सुरूच्या झाडाखाली एकटी बसली होती. ती उठली, शेजारच्या घरातून कंदिलाची काच मागून आणली आणि कोणाशी न बोलता मेणबत्तीवर ठेवली. ज्योत स्थिर झाली.

त्रिशरण-पंचशील झाले. विधीबाबत आम्ही बाबासाहेबांचे शब्द प्रमाण मानले. महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बौद्ध विवाहविधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांनी पांढरी वस्त्रे नेसावीत, दोघांच्या मध्ये पाटावर काठोकाठ पाण्याने भरलेले नवे मडके ठेवावे, त्यात सुती धागा सोडून एकेक टोक दोघांनी धरावे आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. एवढेच. याला खर्च किती? मडके आणि सुताची गुंडी!

दोघांनी धागा धरला. आम्ही मंगलसुत्त म्हटले. पुष्पहार घातले गेले. फिरायला आलेली आठ-दहा माणसेही थांबून पाहत होती. कोणी हसले नाही.

मग वधूच्या इच्छेप्रमाणे आम्ही धागा मुलांपुढे केला. तेच वडीलधारे पुटपुटले, "हे विधीत कुठं आहे?" आम्ही म्हटले, "दादा, विधी संपला. हे घराचं आहे." मुलाने लगेच धागा पकडला. मुलगी मेणबत्तीजवळून हलली नाही. आम्ही तिचे नाव पुकारले नाही. चारचौघांत पुकारून पोराला नात्यात ओढू नये, असे आमचे मत आहे.

त्यानंतर आम्ही सिगालोवाद सुत्तातील आईवडिलांची पाच कर्तव्ये वाचली. मुलांना वाईटापासून दूर ठेवावे, सन्मार्गाला लावावे, विद्या-हुन्नर शिकवावा, योग्य ठिकाणी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा द्यावा. त्यात सख्खे-सावत्र असा भेद कोठेही नाही. वधूवरांनी दोन्ही मुलांबाबत ही कर्तव्ये पाळण्याची प्रतिज्ञा केली.

जेवण वधूच्या अंगणात. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, बुंदी. बायकांनी गाणी म्हटली, म्हातारी आत्या चक्क नाचली. हात धुताना ती मुलगी आमच्याजवळ आली. "काका, मी त्यांना आई म्हणायलाच पाहिजे का?"

"नाही," आम्ही म्हटले. "तुझी आई ती तुझी आईच."

ती थोडा वेळ थांबली. "मग मावशी म्हणते," असे म्हणाली आणि त्या मुलाच्या पानात बुंदी वाढायला गेली.

आता आमच्यातल्या कारकुनाला दोन शब्द बोलू द्या. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, कागदावर विश्वास ठेवणारे. विवाहाची नोंदणी अवश्य करा. पहिल्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम जवळ ठेवा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याप्रमाणे मुलाचा त्याच्या दिवंगत वडिलांच्या मिळकतीतील हक्क आईच्या पुनर्विवाहाने जात नाही. परंतु सावत्र बापाच्या मिळकतीत मुलाला आपोआप वारसा मिळत नाही. मुलाला काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र करावे लागते. प्रॉव्हिडंट फंड, बँक, विमा यांचे नॉमिनेशन नव्याने तपासा. कुटुंब पेन्शन मिळत असेल तर लग्नाआधी संबंधित कार्यालयात नियम विचारा. सिगालोवाद सुत्तातील पाचवे कर्तव्य टेबलावर वाचून पुरे होत नाही, ते कागदावर उतरवावे लागते. या जोडप्याने पुढच्याच महिन्यात नोंदणी केली. मुलीचे दागिने मुलीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात अशा किती भगिनी, किती बांधव एकटे संसार ओढत आहेत! त्यांचे लग्न जमवा. जमले तर ते रात्री उरकू नका. आणि त्यांच्या मुलांना आधी विचारा, मग पत्रिका छापा.

निघताना म्हातारीला जयभीम केला. ती म्हणाली, "बाबा, माझं लग्न रात्री लागलं होतं, पाटाचं. नवऱ्याचं तोंड सकाळी बघितलं. आज सुनेचं तोंड उन्हात बघितलं."