पुठ्ठ्याच्या चौकटीतून मुळशी

कुणी फोटोग्राफर २८ मिलिमीटरच्या लेन्सवर खूश असतो, कुणी ५०च्या, तर कुणी २००च्या. असं का? कॅमेरा नसला तरी हे तुम्हांला कळेल. पुठ्ठ्याला ३६ मिमी लांब आणि २४ मिमी उंच भोक पाडा. ३५ मिमी फिल्मवरचं चित्र एवढंच असतं! आता मुळशीच्या जलाशयापाशी, काठापासून जरा मागेच उभे राहा. (मुळशी लांब असेल, तर घराची गच्चीही चालेल.) एक डोळा मिटा.

पुठ्ठा डोळ्यापासून २८ मिमीवर धरा. पाणी, डोंगर, ढग, सारं मावलं ना? म्हणून निसर्गदृश्यांसाठी ही 'वाइड' लेन्स अनेकांना आवडते. पण पलीकडचा डोंगर केवढासा वाटतो!

५० मिमीवर धरा. पसारा आवरला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम याच लेन्सवर केलं.

आता २०० मिमी, म्हणजे जवळजवळ वीतभर. उरला इवलासा तुकडा! टेलिफोटो लेन्स तेवढाच तुकडा फोटोभर मोठा करते. पुढे ताम्हिणीच्या जंगलात शेकरूचा फोटो घ्यायचा, तर अशीच किंवा याहून मोठी लेन्स हवी. घरट्याजवळ गेलात तर बिचारं घाबरेल. तिथे लांब राहण्यातच खरी माया आहे.

तेव्हा 'कुठली लेन्स भारी?' म्हणून भांडू नका. काय दाखवायचं आणि किती जवळ जायचं, ते आधी ठरवा. लेन्स आपोआप ठरेल!