कोजागरी ते दिवाळी: लाकडी नौकेचं रंगकाम

१ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातो आणि मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरीनाटे इथल्या नौका पाण्यात उतरतात. त्याआधी जुलैच्या एखाद्या उघडिपीत रंगाचा एक हात मारून घेतलेला असतो. दिवाळी येईपर्यंत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. दोष रंगाच्या डब्याचा नसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत जुलैमध्ये लाकूड सुकत नाही आणि ओल्या लाकडाला रंग धरत नाही.

म्हणून ज्यांना पंधरवडाभर नौका वर घेणं जमतं, त्यांनी खरं रंगकाम शरदासाठी राखून ठेवावं. खाडीतली होडी असो, पर्यटकांना फिरवणारी नौका असो, की खलाशी ज्यावर आठवडाभर राहतात, रांधतात आणि झोपतात अशी मोठी मच्छीमार नौका असो, कामाचा क्रम एकच आहे.

आधी वैरी ओळखू. लाकडी नौकेला ते दोन असतात आणि दोघेही पाण्यातूनच येतात. पाण्याखालच्या भागाचा वैरी म्हणजे टेरेडो आणि त्याच्या जातीचे लाकूड पोखरणारे जीव. त्यांना किडा म्हणतात, पण ते शिंपल्याच्या कुळातले. पिल्लू असताना ते टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतात आणि आतल्या आत वाढत बोगदे पाडतात. बाहेरून फळी धडधाकट दिसते. या जीवांना खारं पाणी लागतं. पावसाळ्यात शास्त्री, काजळी, वाशिष्ठीच्या खाड्यांत वरच्या अंगाला पाणी गोडं होतं, तेव्हा त्यांचा जोर ओसरतो. पाऊस सरला की खाऱ्या पाण्याबरोबर ते पुन्हा चढतात.

पाण्यावरच्या भागाचा वैरी म्हणजे बुरशी. तिला नेमकं गोडं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात कायम बुडालेली फळी सहसा कुजत नाही. कुजतात ते डेकचे सांधे, केबिनचे कोपरे आणि नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, आतली अंधारी जागा, कारण पावसाचं पाणी तिथे साचतं आणि वारा पोचत नाही. परदेशांतले जुने सुतार जहाजाच्या दोन वांकांच्या, म्हणजे आडव्या बरगड्यांच्या, मधे मीठ भरून ठेवत, ते याच कारणाने. तळाचा रंग आणि वरचा रंग वेगळे का, याचं उत्तरही यातच आहे. तळाला जीव बसू द्यायचे नाहीत, तर वर पाऊस मुरू द्यायचा नाही.

आता दिवस ठरवू. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. नौका वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला, कारण तेव्हा पाणी सर्वांत वर येतं. पण तशीच भरती पुन्हा मिळते ती पंधरा दिवसांनी. त्यामुळे कामाचं वेळापत्रक चंद्रच आखून देतो. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला वर घेतलेली नौका लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला खाली जाते. या काळापर्यंत पाऊस बहुधा माघारी गेलेला असतो, ऊन कडक असतं आणि हवा कोरडी होऊ लागलेली असते. तरीही बंदरातल्या हवामानाच्या इशाऱ्याकडे लक्ष हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. २०१९ साली ऑक्टोबरच्या शेवटी आलेलं ‘क्यार’ कोकणातल्या मच्छीमारांच्या चांगलंच लक्षात आहे.

नौका वर आली की पठाण, म्हणजे तळाचा कणा, ओंडक्यांवर सगळीकडे सारखा टेकला पाहिजे. एकाच जागी भार आला तर नौकेला बाक येतो आणि सांधे उघडतात. नाळेकडची बाजू थोडी उंच ठेवावी आणि तळाचं बूच काढावं, म्हणजे आतलं पाणी निघून जाईल.

खरवडायचं काम त्याच दिवशी करावं. तळाला चिकटलेलं शेवाळ, कालवं आणि बारीक शंख ओले असताना लोखंडी पट्टीने भराभर निघतात. दोन दिवस उन्हात वाळले की सिमेंटसारखे घट्ट होतात आणि मग त्यांच्याबरोबर लाकडाची सालटंही निघतात. खरवडून झालं की पूर्ण नौका गोड्या पाण्याने धुवावी. लाकडावर मीठ राहिलं तर ते हवेतली ओल खेचून घेतं आणि रंगाखाली फोड येतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासणी. छोट्या हातोड्याने फळी ठोकत जावं. निरोगी फळी ठणठणीत वाजते, पोखरलेली किंवा कुजलेली बद्द आवाज देते. शंका आली तिथे अणकुचीदार हत्यार टोचून पाहावं. सहज रुतलं तर फळी गेली. खिळ्यांभोवती काळपट-तांबूस डाग दिसले तर खिळा गंजून त्याच्याजवळचं लाकूडही खराब झालंय असं समजावं. केबिनच्या खिडक्यांखाली, डेक आणि कठड्याच्या सांध्यात आणि इंजिनाखाली जास्त वेळ द्यावा. रंगकामाच्या निमित्ताने होणारी ही तपासणी रंगापेक्षा जास्त मोलाची असते.

खराब भाग कापायचा तो निरोगी लाकूड लागेपर्यंत. कुजक्या जागेवर लांबी भरून रंग मारला, तर बुरशी आत बंद होऊन निवांत वाढते. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा हवा. फळ्यांना साग वापरतात, वांकांना बाभळीसारखं जन्मजात वाकडं लाकूड उत्तम. जोड तिरका घ्यावा, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.

मग सांधे. फळ्यांच्या मधल्या खाचेतलं जुनं सैल सूत उकरून काढायचं, खाच सुकू द्यायची, तेलात भिजवलेलं नवं सूत ठासायचं आणि वरून राळ-तेलाचा किंवा तयार मिळणारा मसाला भरायचा. इथे हात आवरावा लागतो. पाण्यात गेलं की लाकूड फुगतं आणि सांधा आपोआप आवळतो. सूत वाजवीपेक्षा जास्त ठासलं तर फुगणारं लाकूड खिळे उचकटतं. याच कारणाने नौका पंधरवड्याहून जास्त काळ उन्हात तापत ठेवू नये. फार सुकलेल्या फळ्या आकसतात आणि सांधे रुंद होतात. ऊन लागणाऱ्या बाजूला ओली गोणपाटं टाकावीत, पण रंग लावायच्या भागाला ती नकोत.

दुसऱ्या आठवड्यात रंग. लाकडातली ओल साधारण पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली आली असेल तर रंग टिकतो. ओल मोजायचं यंत्र नसेल तर संध्याकाळी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवावा. सकाळी त्याच्या आतून घाम धरलेला दिसला तर अजून थांबावं. पहिला प्रायमरचा हात थोडा पातळ द्यावा, म्हणजे तो मुरतो. फळ्यांची कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, म्हणून तिथे दोन-तीन हात द्यावेत. त्यानंतर लांबी, पॉलिश पेपर, आणि मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एक जाड हात वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

दिवसाची वेळही पाहावी लागते. शरदात सकाळी दव पडतं, ते पूर्ण उडाल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये. भर दुपारी तापलेल्या फळीवर रंग लावला तर तो सुकताना भेगाळतो. नऊनंतरची सकाळ आणि दुपार कलल्यावरचा पहिला तास बरा. संध्याकाळी लावलेला रंग रात्रीच्या दवाने फिका पडतो.

आतल्या, न दिसणाऱ्या लाकडाला रंगाऐवजी तेल चांगलं. कोकणात माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल पूर्वीपासून वापरतात. काजूच्या टरफलातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं किडीला आणि बुरशीला नकोशी असतात. ती माणसाच्या कातडीलाही भाजतात, म्हणून हातमोजे घालावेत.

तळाचा रंग सर्वांत शेवटी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तळरंगांत तांब्याचं ऑक्साइड असतं. ते पाण्यात हळूहळू विरघळत राहतं आणि जीवांना बसू देत नाही. म्हणजे हा रंग झिजण्यासाठीच असतो, त्याला चकाकी आणायला घासू नये. डब्यावर सांगितलेल्या मुदतीत नौका पाण्यात गेली पाहिजे. खरवडलेला जुना तळरंग वाळूत सांडू देऊ नये, ताडपत्रीवर गोळा करावा. ट्रायब्युटिल टिन नावाचं द्रव्य असलेल्या रंगांनी फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांची पैदासच बिघडवली होती. त्या द्रव्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ साली अमलात आला. आपल्या खाड्यांतही कालवं काढून घर चालवणाऱ्या बाया आहेत.

तांब्याबद्दल आणखी एक सावधगिरी. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड वाचलं, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे दोन वर्षांत गंजून गेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की त्यांतला दुबळा झिजतो. म्हणून पंखा आणि शाफ्टजवळ जस्ताचा तुकडा लावतात. पंखा वाचावा म्हणून झिजणं हेच त्याचं काम. अर्धा झिजला की बदलावा आणि त्यावर चुकूनही रंग मारू नये, कारण रंगवलेलं जस्त काम करत नाही.

शेवटी नाव आणि नोंदणी क्रमांक ठळक रंगवून घ्यावा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मासेमारी नौकांच्या रंगांबाबत शासनाने नियम घातले आहेत, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारून मगच वरचा रंग निवडावा.

अमावास्येच्या भरतीला बूच घट्ट बसवून नौका लोटली की पहिले एक-दोन दिवस थोडं पाणी आत येतं. फळ्या फुगेपर्यंत ते उपसत राहावं. दोन दिवसांनंतरही तेवढंच येत असेल तर एखादा सांधा राहून गेलाय. पुढे वर्षभर दोनच सवयी ठेवाव्यात. संध्याकाळी डेकवर समुद्राच्या पाण्याची बादली ओतायची आणि बंदरात असताना केबिनची झाकणं उघडी ठेवायची. खाऱ्या पाण्याने बुरशी दबते, वाऱ्याने ओल जाते, आणि पुढच्या कोजागरीला सुताराचं काम कमी निघतं.