चेहऱ्यावरचा लालपणा आणि आमच्या खोक्यातली ट्यूब



गेल्या नाताळाच्या तयारीसाठी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. तिथे संडे स्कूल घेणारी मुलगी सलग तीन रविवार उपासनेला आली नव्हती. घरी जाऊन पाहिले, तर ती ओढणीने तोंड झाकून चुलीपासून लांब, ओट्यावर बसलेली. "ताई, तोंडाची आग होते. चुलीपुढे बसवत नाही, उन्हात जाववत नाही," ती म्हणाली. ओढणी बाजूला केली तेव्हा गाल, नाक आणि हनुवटी लाल झालेली दिसली. मध्ये मध्ये बारीक पुळ्या, आणि गालांवर धाग्यासारख्या लाल शिरा. शेजारणी म्हणत होत्या, कुणाची तरी नजर लागली. काही जणी तिच्या हातचे पाणीही घेत नव्हत्या.

तिच्या आईने सांगितले, "मलम लावलं की दोन दिवस बरं असतं. नाही लावलं की पुन्हा पेटतं." मी ट्यूब मागितली. हातात घेताच ओळखली. एप्रिलमध्ये ही मुलगी ऊसतोडीहून परतली, तेव्हा उन्हाने तिच्या गालांवर पुरळ आले होते. आमच्या आरोग्य शिबिरात, देणगीत आलेल्या औषधांच्या खोक्यातून, तसलीच ट्यूब मीच तिला दिली होती. ती संपल्यावर तिने आठवडे बाजाराच्या दुकानातून तीच पुन्हा पुन्हा आणली. आठ महिने.

हा लेख मी तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता लिहीत आहे. चूक माझी होती, आणि ती आपल्यापैकी आणखी कुणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी.

त्या ट्यूबमध्ये काय असते?

ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन असे लिहिले होते. हे स्टिरॉइड आहे. क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन हीही त्याच जातीची नावे. ही औषधे वाईट नाहीत. योग्य आजारात, योग्य जागी, ठरलेले दिवस डॉक्टर ती देतात आणि रुग्ण बरा होतो. पण चेहऱ्याची कातडी पातळ असते. तिथे औषध लवकर आणि जास्त मुरते.

स्टिरॉइड लावले की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सूज उतरते. म्हणून दोन दिवसांत चेहरा स्वच्छ, थोडा उजळही दिसतो. माणसाला वाटते, गुण आला. पण रोज लावत राहिल्यास कातडी आणखी पातळ होते. मलम थांबवले की आवळलेल्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. चेहरा लाल होतो, आग होते, पुळ्या येतात. मग तो पुन्हा मलमाकडे धावतो. अशा रीतीने कातडीला मलमाची सवय लागते. काहींना गालांवर लव वाढते, काहींना काळे डाग पडतात.

हे फक्त आमच्या पाड्यावरचे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी सुचवले होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी बाजारात ती सहज मिळतात. कधी गोरेपणाचे मलम म्हणून, कधी नायट्याचे मलम म्हणून.

लालपणा अनेक कारणांनी येतो

मलम न लावताही चेहरा लाल होऊ शकतो. रोझेशिया नावाचा एक जुनाट त्रास असतो. तो बहुधा तिशीनंतर दिसतो. गाल, नाक, कपाळ, हनुवटी यांवर लाली येते आणि जाते, पुढे टिकून राहते. ऊन, चुलीची धग, गरम चहा, तिखट, दारू यांनी ती वाढते. काहींचे डोळेही चुरचुरतात. हा संसर्गजन्य नाही. शापही नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, चेहरा तपकिरी किंवा काळपट वाटतो. म्हणून "आग होते का? टोचल्यासारखे होते का?" असे विचारावे लागते. यावर डॉक्टरांकडे चांगली औषधे आहेत. त्रास मुळापासून जाईलच असे नाही, पण ताब्यात राहतो.

मात्र पुढील खुणा दिसल्या तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

१. लालसर किंवा फिकट चट्टा, कानाची पाळी जाड होणे, भुवईचे केस झडणे, हातापायाला बधिरता. हा कुष्ठरोग असू शकतो. अंगावरच्या चट्ट्याला सहसा स्पर्श कळत नाही, पण चेहऱ्यावरच्या चट्ट्याला कळूही शकतो. म्हणून "स्पर्श कळतो, तेव्हा कुष्ठरोग नाही" असे समजू नये. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. औषध ६ ते १२ महिने घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो.

२. दोन्ही गाल आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात फोड, केस गळणे. हा सबंध शरीराचा आजार असू शकतो.

३. उन्हाला उघडा राहणारा चेहरा, गळ्याभोवती माळेसारखा पट्टा आणि हातांची पाठ लाल होऊन काळवंडणे, सोबत जुलाब, अशक्तपणा. हे आहारातल्या एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होते. फार दारू पिणाऱ्यांत आणि एकाच धान्यावर भागवणाऱ्यांत ते दिसते. तिथे मलमाचा नव्हे, जेवणाचा आणि गोळ्यांचा उपयोग.

४. कडेने वाढत जाणारा, खाजणारा गोल चट्टा. हा नायटा. स्टिरॉइड लावल्यास खाज थांबते, पण बुरशी आत पसरत जाते आणि चट्ट्याचा आकार बदलल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते.

या चारही ठिकाणी तीच एक ट्यूब लावली, तर आजार झाकला जातो. बरा होत नाही.

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाकडे आपण कठोर नियम म्हणून पाहतो. पण तिथल्या याजकाची रीत पाहा. तो कातडी नीट पाहतो, घाई करत नाही, सात दिवस थांबतो आणि पुन्हा पाहतो. मगच निर्णय देतो. त्या दिवशी शिबिरात माझ्यापुढे रांग होती, आणि मी एक मिनिटही पाहिले नव्हते.

रोज काय करावे

चेहरा दिवसातून दोनदा साध्या, गार पाण्याने धुवावा. कपड्याचा साबण चेहऱ्याला लावू नये. पाड्यावर ही सवय सर्रास आहे. घासू नये, कापडाने टिपावे. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, राख यांतले काहीही लावू नये. कोरडेपणासाठी बिनवासाचे साधे व्हॅसलीन पुरते. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे थोडी लावून दोन-तीन दिवस पाहावे.

उन्हात जाताना रुंद काठाची टोपी किंवा सैल, सुती पदर. चूल शक्य तर उघड्या पडवीत. चहा जरा निवू द्यावा. कशाने लाली वाढते हे ज्याचे त्याने पाहून ठेवावे. सगळ्यांना सगळे बाधत नाही.

जे आधीच अनेक महिने स्टिरॉइड लावत आहेत, त्यांनी एकदम बंद करून घरी सोसत बसू नये. डॉक्टरांना ट्यूब दाखवावी. ते टप्प्याटप्प्याने कमी करून देतात. मधले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी सांगितले नाही, तर माणूस घाबरून पुन्हा दुकान गाठतो. त्या दिवसांत गार पाण्याची पट्टी आणि घरच्यांचा धीर, दोन्ही लागतात.

मंडळ्यांना विनंती

तुम्ही प्रेमाने पाठवता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कृपा करून घरातली उरलेली मलमे देणगीच्या खोक्यात टाकू नका. ज्या ट्यूबवर डावीकडे उभी लाल रेघ किंवा आरएक्स अशी खूण आहे, ते औषध चिठ्ठीचे आहे. यापुढे आम्ही शिबिरात असे कोणतेही मलम डॉक्टरांशिवाय देणार नाही. जुने खोके आम्ही उघडून तपासले आणि अशा सर्व ट्यूब बाजूला काढल्या. त्याऐवजी टोप्या, सौम्य साबण, व्हॅसलीन पाठवा. त्याहून उपयोगी म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे भाडे. पाड्यावरच्या माणसाचा एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाची मजुरीही जाते.

आणखी एक. आमच्या मुलींना भेटायला येता तेव्हा "किती काळवंडलीस" किंवा "आता उजळ दिसतेस" असे म्हणू नका. गोरेपणाच्या ट्यूबची सुरुवात अशा वाक्यांतून होते. प्रभूने शमुवेलाला इशायाच्या घरी जे शिकवले, ते आपण मुलांना शिकवतो. ते आपल्या बोलण्यातही दिसू द्या.

आता सात महिने झाले. त्या मुलीला आम्ही जिल्ह्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. मधले सहा आठवडे फार कठीण गेले. तिची आई रोज गार पट्ट्या ठेवत होती, आणि पाळकांच्या पत्नी रोज तिच्या घरी जाऊन तिच्या हातचा चहा पीत होत्या. ते पाहून शेजारणींचे येणेजाणेही सुरू झाले. आग थांबली आहे, पुळ्या गेल्या आहेत. गालांवरच्या काही शिरा अजून आहेत, आणि त्या राहतील असे डॉक्टर म्हणाले. ईस्टरपासून ती पुन्हा मुलांना शिकवते, ओढणीशिवाय.

प्रार्थनेचे विषय: चेहऱ्याच्या त्रासामुळे घरात बसलेल्या बहिणींसाठी, गावोगाव चट्टे तपासणाऱ्या आशाताईंसाठी, आणि आम्हा कार्यकर्त्यांना देण्यापूर्वी पाहण्याचा धीर मिळावा म्हणून.

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण