मोटर घेण्याआधी ग्वाल्हेरचं ऊन मोजा

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि त्यांच्यावरून विजेवर चालणारी चांदीची छोटी आगगाडी मद्याच्या सुरया फिरवायची. ती इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने घडवली. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की निघे. भार घेऊन हळूच निघणं, हवं तिथे थांबणं, ठरल्या वेगाने चालणं, हीच कामं कारखान्यांनी वर्षानुवर्षं डीसी मोटरींवर सोपवली. आर्मेचरचा व्होल्टेज कमी-जास्त केला की वेगही तसाच बदलतो, इतकं ते सोपं.

शहराजवळच्या बानमोरला टायरचा कारखाना आहे. या धंद्यात कॅलेंडर नावाचं यंत्र कापडावर रबर दाबून बसवतं. रोलचा वेग जरा ढळला की थराची जाडी बदलते, म्हणून अशा कामांत डीसी मोटर फार काळ टिकून राहिली.

दुकानात मात्र पहिला प्रश्न एचपीचा असतो, आणि तो अपुरा आहे. 10 किलोवॅटची मोटर मिनिटाला 1500 फेऱ्यांवर सुमारे 64 न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेवढीच शक्ती 500 फेऱ्यांवर हवी असेल तर टॉर्क 191 लागतो. ती मोटर आकाराने, वजनाने आणि किमतीनेही वेगळीच असते.

मग प्रकार. सिरीज मोटर सुरुवातीलाच प्रचंड जोर लावते. दिल्ली-ग्वाल्हेर-झाशी मार्गावर वर्षानुवर्षं गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-4 इंजिनांत अशा सहा मोटरी असतात. पण भार सुटला की सिरीज मोटर बेफाम पळते, स्वतःचं आर्मेचर उधळून टाकते. त्यामुळे तिला पट्टा जोडायचा नाही. तो तुटला किंवा निसटला तर संपलंच. शंट मोटरीचा वेग जवळपास स्थिर राहतो. ती मशिन टूलला बरी. भार झटक्याने येणाऱ्या प्रेससाठी कंपाउंड.

आता ऊन. नेमप्लेटवरची क्षमता साधारणपणे भोवतालचं तापमान 40 अंश धरून लिहिलेली असते. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. त्यात मोटर कमी वेगाने चालवली तर तिच्या शाफ्टवरचा पंखाही मंदावतो, आणि भार मात्र तेवढाच राहतो. अशा जागी वेगळ्या मोटरीवर चालणारा ब्लोअर हवाच, आणि लूच्या गरम वाऱ्याबरोबर येणारी धूळ अडवायला फिल्टरही. तो वेळेवर साफ केला नाही तर हवाच अडते.

‘त्यापेक्षा दुप्पट मोठीच घेऊन टाकू’ हा उपाय शहाणपणाचा वाटतो, पण कार्बन ब्रशना तो मानवत नाही. ब्रशमधून पुरेसा करंट वाहिला तरच कम्युटेटरवर तपकिरी, गुळगुळीत थर धरतो. मोटर सदैव हलक्या भारावर फिरत राहिली की थर बिघडतो, तांब्यावर चरे पडतात. मग ब्रशची संख्या कमी करणं किंवा त्यांची जात बदलणं आलं.

अगदी नवा कारखाना उभारायचा असेल, तर ब्रशची कटकट नसलेली एसी मोटर आणि ड्राइव्ह हीच जोडी बहुतेक वेळा सरस. रेल्वेनेही डब्ल्यूएपी-7 मध्ये थ्री-फेज मोटरी घेतल्या. जुन्या यंत्रावर मात्र पाया, कपलिंग, पॅनेल सगळं बदलण्याचा आणि उत्पादन बंद ठेवण्याचा खर्च आधी मांडावा; तो जड असेल तर त्याच मापाची डीसी मोटरच परवडते.